टेस्ट कुठे ठेवायची, हे तिला चालायला काय लागतं यावरून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमधली एक छोटी टीम गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर बनवते. भाषा जावा, तिच्यावरची चौकट स्प्रिंग बूट, डेटाबेस पोस्टग्रेस, बिल्डसाठी (कोड जुळवून चालण्याजोगा करायला) मेव्हन, आणि ब्राउझर आपोआप चालवून तपासायला सेलेनियम. साधारण चौदाशे टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, एकाच फोल्डरमध्ये आहेत. सगळ्या चालायला पाऊण तास लागतो, म्हणून मर्ज करण्याआधी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी) त्या कुणी चालवत नाही. कोणत्या टेस्टला युनिट (एक सुटा तुकडा तपासणारी) म्हणायचं, कोणतीला इंटिग्रेशन (तुकडे एकत्र तपासणारी) आणि कोणतीला फंक्शनल (वापरणाऱ्याच्या बाजूने पूर्ण काम तपासणारी) यावर टीममध्ये वाद आहे. शिवाय क्यूएच्या (गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या) सेलेनियम टेस्ट वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) न्याव्यात का, हाही प्रश्न आहे.

मी महापे-ऐरोली पट्ट्यात बरीच वर्षं बिलिंग आणि विम्याच्या प्रणालींचं टेस्ट ऑटोमेशन करतो आहे. हा नावांचा वाद मी अनेक टीममध्ये पाहिला आणि तो मिटलेला फारसा कुठे पाहिला नाही. तो मिटवायची गरजही नाही. टेस्टला काय म्हणायचं हे बाजूला ठेवा आणि तिला चालायला काय लागतं ते विचारा: डेटाबेस लागतो का, नेटवर्क लागतं का, स्प्रिंग उभं करावं लागतं का, ब्राउझर लागतो का? या प्रश्नांची उत्तरं मतावर अवलंबून नसतात. कोड उघडला की दोन मिनिटांत कळतात.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मायकेल फेदर्स यांनी २००५ मध्ये हीच कसोटी लिहून ठेवली होती. टेस्ट डेटाबेसशी बोलत असेल, नेटवर्कवर जात असेल, फाइल सिस्टिमला हात लावत असेल, इतर टेस्टबरोबर एकाच वेळी चालू शकत नसेल किंवा तिच्यासाठी मशीनवर काही खास तयारी करावी लागत असेल, तर ती युनिट टेस्ट नाही, असं ते म्हणतात. अशा टेस्ट वाईट असतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्या वेगळ्या ठेवा, म्हणजे जलद टेस्ट पटकन चालवता येतील, एवढंच. गूगलमध्ये टेस्टचे लहान, मध्यम आणि मोठी असे आकार करतात. ते आकारही ती किती कोड तपासते यावर नसून तिला काय लागतं यावर ठरतात. लहान टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालते, मध्यम टेस्ट एकाच मशीनवर, आणि मोठीला असं बंधन नाही. त्यांच्या बेझेल या बिल्ड टूलमध्ये या तीन आकारांना मुळातच ६०, ३०० आणि ९०० सेकंदांची मुदत असते. ती मुदत मला फार आवडते, कारण टेस्ट हळूहळू जड होत गेली तर ती लपून राहत नाही.

माइक कोहन यांचा टेस्टचा पिरॅमिड तुम्हाला माहीत असेलच. खाली पुष्कळ छोट्या टेस्ट आणि वर मोजक्या, ही दिशा ठीक आहे. पण अमुक टक्के इथे आणि तमुक टक्के तिथे हा हिशोब करत बसू नका. तुमचं सॉफ्टवेअर हिशोबाचं आहे, त्यामुळे नीट मांडणी केलीत तर खालचा थर आपोआप रुंद होईल.

तुमच्यासाठी तीन गट पुरेत. पहिल्याला जेव्हीएमशिवाय (जावा चालवणाऱ्या यंत्रणेशिवाय) काहीच लागत नाही. दुसऱ्याला त्याच मशीनवरचं पोस्टग्रेस आणि गरजेपुरतं स्प्रिंग लागतं. तिसऱ्याला चालू असलेलं पूर्ण ॲप्लिकेशन, ब्राउझर किंवा बाहेरची सेवा लागते. चौथा गट करायचा मोह होईल, पण तो टाळा. गट वाढले की प्रत्येक नव्या टेस्टपाशी पुन्हा चर्चा सुरू होते.

पहिल्या गटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण तिथेच असावी असा माझा अंदाज आहे. सोसायटीच्या बिलातले नियम बघा. सभासदाची मासिक वर्गणी ₹७,५०० पेक्षा जास्त असेल आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल ₹२० लाखांपेक्षा जास्त असेल, तर १८% जीएसटी लागतो. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. ही ७,५०० ची मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये आली, त्याआधी ती ५,००० होती. थकबाकीवर आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त २१% दराने सरळव्याज. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १०% पर्यंतच, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात ₹२५,००० च्या वर नाही. यातल्या एकाही नियमाला डेटाबेसची गरज नाही. काही आकडे आत जातात आणि एक आकडा बाहेर येतो.

तरीही बहुतेक प्रोजेक्टमध्ये हे हिशोब सर्व्हिस क्लासच्या मधोमध असतात: वर रिपॉझिटरीतून (इथे कोडचा साठा नव्हे, डेटाबेसशी बोलणारा क्लास) सभासद काढायचा, खाली बिल सेव्ह करायचं, आणि मधल्या पंधरा ओळींत व्याज. मग व्याज तपासायला स्प्रिंग उभं करावं लागतं, टेबलं भरावी लागतात, आणि एका गुणाकाराच्या टेस्टला चार सेकंद जातात. म्हणून टेस्टची मांडणी सुधारायची तर आधी मूळ कोडची थोडी मांडणी बदलावी लागते. त्या पंधरा ओळी उचलून साध्या जावा क्लासमध्ये न्या. त्याला कसलंही ॲनोटेशन (स्प्रिंगसाठीची खूण) नको आणि रिपॉझिटरीही नको. त्याची टेस्ट मग मिलिसेकंदांत होते.

इथे जावातल्या जेयुनिट ५ या टेस्ट लायब्ररीच्या पॅरामीटराइज्ड टेस्ट वापरा; त्यांत एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालते. नियमाचं कोष्टक टेस्टमध्येच लिहा: वर्गणी ७,४९९, ७,५०० आणि ७,५०१, उलाढाल वीस लाखांच्या आत, बरोबर वीस लाख आणि त्याच्या वर. व्याजासाठी ₹१०,००० थकबाकी घ्या. २१% ने पहिल्या महिन्याअखेर व्याज ₹१७५ होतं, दुसऱ्या महिन्याअखेर ₹३५०. दुसऱ्या ओळीत ₹३५३.०६ आले, तर कुणीतरी व्याजावर व्याज लावलं आहे हे तिथल्या तिथे कळतं. ही कोष्टकं तुमच्या अकाउंटंटला वाचायला द्या. रिपोर्टमध्ये दिसणारं टेस्टचं नाव (डिस्प्ले-नेम) मराठीत लिहिता येतं, तेव्हा जरूर लिहा. ‘वर्गणी बरोबर ७,५०० असेल तर जीएसटी नाही’ हे वाक्य लाल झालं, म्हणजे ती टेस्ट पडली, तर काय मोडलं हे कुणालाही कळेल.

याच जीएसटीत एक गुंता आहे. मर्यादा ओलांडली तर कर पूर्ण रकमेवर की फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर? २०१९ च्या परिपत्रकाने पूर्ण रकमेवर म्हटलं, तर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वरच्याच रकमेवर. असा मुद्दा कोडमध्ये एकाच ठिकाणी असायला हवा आणि दोन्ही अर्थ लावणाऱ्या टेस्ट शेजारी-शेजारी असायला हव्यात. उद्या सोसायटीच्या सीएंनी पद्धत बदलायला सांगितली, तर एक सेटिंग बदलेल आणि टेस्ट आधीपासून तयार असतील.

वेळेचंही असंच. तुमचा सीआय सर्व्हर (प्रत्येक बदलावर बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारा) बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या वेळेवर, चालतो. १ एप्रिलला रात्री सव्वाबाराला ठाण्यात बिल निघालं, तर त्या सर्व्हरच्या घड्याळात अजून ३१ मार्चची संध्याकाळ असते, पावणेसात वाजलेले. तारीखच काय, आर्थिक वर्षही चुकतं. कोडमध्ये थेट ‘आत्ताची तारीख’ मागू नका. जावाचा क्लॉक (वेळ सांगणारा ऑब्जेक्ट) बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये तो नेमका त्या क्षणावर थांबवा. मग ही टेस्टही पहिल्या गटात बसते आणि रोज सारखीच चालते.

आता दुसरा गट. पाऊण तासातला मोठा भाग इथे जात असणार, आणि तो बहुतेक वेळा डेटाबेसमुळे जात नाही. स्प्रिंग एकदा उभं केलेलं ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट (एकमेकांना जोडलेले सगळे घटक) पुढच्या टेस्टसाठी जपून ठेवतं, पण कॉन्फिगरेशन हुबेहूब तेच असेल तरच. एका टेस्ट क्लासने एक मॉक (खऱ्या घटकाच्या जागी बनावट) लावला, दुसऱ्याने वेगळा, तिसऱ्याने एखादी प्रॉपर्टी बदलली, की प्रत्येकासाठी नवं कॉन्टेक्स्ट उभं राहतं. कॅशमध्ये मुळात ३२ कॉन्टेक्स्ट मावतात. त्यापुढे जुनी काढून टाकली जातात आणि लागली तर पुन्हा उभी केली जातात. डर्टीजकॉन्टेक्स्ट (हे कॉन्टेक्स्ट पुन्हा वापरू नका, असं सांगणारं ॲनोटेशन) जिथे लावलं आहे तिथे तर ते मुद्दाम फेकलं जातं. शुअरफायरमध्ये (मेव्हनच्या टेस्ट चालवणाऱ्या प्लगिनमध्ये) प्रत्येक क्लाससाठी नवं जेव्हीएम अशी सेटिंग कुणी करून ठेवली असेल, तर कॅशचा काहीच उपयोग होत नाही. लॉगमध्ये स्प्रिंगचा बॅनर (सुरू होताना छापलं जाणारं नाव) किती वेळा छापला जातो ते मोजा. आकडा बघून टीमला धक्का बसेल.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या गटासाठी एकच सामायिक बेस कॉन्फिगरेशन. जे मॉक सगळ्यांना लागतात, म्हणजे एसएमएस, ईमेल, पेमेंट गेटवे, ते त्यातच कायमचे. एकेका क्लासने आपापले मॉक लावायचे नाहीत. डर्टीजकॉन्टेक्स्ट रिव्ह्यूमध्येच अडवा.

डेटाबेस खरा ठेवा. एचटू (मेमरीत चालू शकणारा छोटा डेटाबेस) वापरून टेस्ट जलद होतात, पण तुम्ही प्रॉडक्शनमध्ये पोस्टग्रेस चालवता. एका फ्लॅटला एकाच वेळी एकच चालू मालक असावा, यासाठी पोस्टग्रेसमध्ये अट घातलेला पार्शल युनिक इंडेक्स सोपा आणि चोख मार्ग आहे, पण एचटूला तो येत नाही. जेसनबी या पोस्टग्रेसच्या डेटाप्रकारावरच्या क्वेऱ्यांचंही तेच. मग एचटूसाठी वेगळी स्कीमा तयार होते आणि तुम्ही भलतीच गोष्ट तपासत बसता. टेस्टकंटेनर्स वापरा; ते टेस्टपुरतं खरं पोस्टग्रेस कंटेनरमध्ये उभं करतं. पूर्ण रनमध्ये कंटेनर एकदाच सुरू करा, क्लासगणिक नको. कंटेनरची प्रतिमा (इमेज) प्रॉडक्शनशी जुळणारी घ्या: आवृत्ती तीच, आणि शक्यतो पायाही तोच. आल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या प्रतिमेत सी लायब्ररी वेगळी असल्याने लोकेलप्रमाणे नावांचा क्रम लावताना फरक पडतो. सभासदांची यादी मराठी नावांनी लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हा फरक परवडणार नाही.

टेस्ट संपताना ट्रान्झॅक्शन रोलबॅक करायची (केलेले बदल मागे घ्यायची) सवय सोयीची आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. आयडी सिक्वेन्समधून येत असेल, तर हायबरनेट (जावा आणि डेटाबेस यांतला दुवा) इन्सर्ट लगेच पाठवत नाही, फ्लश होईपर्यंत, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे जाईपर्यंत, थांबतं. फ्लश न होताच रोलबॅक झालं, तर युनिक कन्स्ट्रेंट कधी तपासलाच जात नाही आणि टेस्ट हिरवी राहते. कन्स्ट्रेंट तपासणाऱ्या टेस्टमध्ये फ्लश स्वतः बोलवा.

डेटाबद्दल माझं मत ठाम आहे. सगळ्या टेस्टसाठी एकच मोठी एसक्यूएल फाइल, त्यात एक नमुना सोसायटी आणि तिचे दोनशे फ्लॅट, हा प्रकार बंद करा. कुणीतरी ए-४०३ ची थकबाकी बदलतं आणि तिसऱ्याच माणसाच्या नऊ टेस्ट पडतात. प्रत्येक टेस्टने आपल्याला लागेल तेवढाच डेटा ‘बिल्डर’ने (डेटा बनवणाऱ्या छोट्या क्लासने) तयार करावा. मात्र तो खऱ्यासारखा असू द्या. नावं देवनागरीत; पत्ते दोन्ही पद्धतींचे, घोडबंदर रोडवरचा ‘विंग-मजला-फ्लॅट’ आणि नवी मुंबईतला ‘सेक्टर-प्लॉट’. ज्या पत्त्यात रस्त्याचं नावच नाही, तो फॉर्ममध्ये अडतो का, हे अशा डेटामुळेच कळतं. बँकेच्या स्टेटमेंटची सीएसव्ही वाचणारी टेस्टही याच गटात येते. जावा १८ पासून मुळातलं एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर विंडोज लॅपटॉपवर आणि लिनक्स सर्व्हरवर तीच फाइल वेगवेगळी वाचली जाऊ शकते. वाचताना एन्कोडिंग कोडमध्ये स्पष्ट लिहा.

तिसऱ्या गटाबद्दल थोडक्यात. यात मोजकेच प्रवास ठेवा, जे मोडले तर सोसायटीच्या ऑफिसमधून त्याच दिवशी फोन येईल असे: बिलं काढणं, सभासदाने पैसे भरणं, पावती मिळणं, खतावणीत नोंद दिसणं. फॉर्ममधल्या प्रत्येक चुकीच्या इनपुटसाठी ब्राउझर उघडू नका, ते काम खालच्या गटांचं आहे. ठराविक सेकंद झोपणाऱ्या ओळी काढा. जो घटक दिसायला हवा त्याची वाट पाहा. पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सला (चाचणीसाठीच्या सर्व्हरला) प्रत्येक पुशवर हात लावू नका. त्यांचं सर्व्हर रखडलं की तुमचं काम थांबतं. रोजच्या रनमध्ये त्या सेवेची नक्कल करणारा वायरमॉक ठेवा, आणि त्याची बनावट उत्तरं अजून खऱ्यासारखीच आहेत ना, हे रात्री एकदा सँडबॉक्सवर तपासा.

आता हे प्रत्यक्ष मांडायचं कसं. पुष्कळजण टॅग लावून भागवतात. मी मुख्य विभागणीसाठी टॅग वापरत नाही, कारण टॅग विसरला की जड टेस्ट गुपचूप जलद गटात शिरते. त्यापेक्षा मेव्हनचे वेगळे मॉड्यूल करा. हिशोबाच्या मॉड्यूलच्या डिपेंडन्सीमध्ये स्प्रिंग, जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा) आणि सेलेनियम घालूच नका. तिथे कुणाला डेटाबेसची टेस्ट लिहायची म्हटली तरी ती कंपाइल होणार नाही, आणि झालीच तर चालणार नाही. नवा माणूस नियम न वाचताही नियम पाळतो. टॅग ‘जीएसटी’, ‘थकबाकी’ अशा विषयांसाठी राखा.

स्प्रिंगच्या मॉड्यूलमध्ये मेव्हनची जुनी विभागणी चालेल. क्लासच्या नावाच्या शेवटी ‘टेस्ट’ असेल तर शुअरफायर ती उचलतो, शेवटी इंटिग्रेशन टेस्टची ‘आयटी’ ही आद्याक्षरं असतील तर फेलसेफ हे दुसरं प्लगिन. फेलसेफची टेस्ट पडली तरी बिल्ड लगेच थांबत नाही, कारण आधी सुरू केलेल्या गोष्टी बंद करायच्या असतात. निकाल व्हेरिफाय टप्प्यात लागतो. म्हणून सीआयमध्ये व्हेरिफायच चालवा. फक्त इंटिग्रेशन-टेस्ट टप्प्यावर थांबलात, तर पडलेल्या टेस्टसह बिल्ड हिरवा दिसेल. आणखी एक गोष्ट तपासा: नाव दोन्ही पद्धतींत न बसणारे क्लास कुणीच चालवत नाही आणि कुणाला कळतही नाही. कोडमधल्या टेस्टची संख्या आणि रिपोर्टमधली संख्या जुळवून बघा. एवढ्या मोठ्या फोल्डरमध्ये असे काही क्लास सापडण्याची शक्यता बरीच आहे.

कोणत्याही फोल्डरमध्ये उभं राहून माणूस सवयीने जो आदेश देतो, त्यावर फक्त पहिला गट चालला पाहिजे आणि तो मिनिटाच्या आत संपला पाहिजे. दुसरा गट प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मर्ज करण्याच्या विनंतीवर) चालवा आणि तो दहा मिनिटांत बसवा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या विकासपद्धतीत दहा मिनिटांच्या बिल्डचा आग्रह होता, आणि माझ्या अनुभवात तो आजही रास्त आहे. त्याहून जास्त लागलं की माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि परत यायला अर्धा तास लावतो. तिसरा गट मर्जनंतर आणि रात्री.

कधी पडणाऱ्या, कधी पास होणाऱ्या टेस्ट सहन करू नका. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६% टेस्टमध्ये थोडीफार अशी अस्थिरता होती. म्हणजे ती पूर्ण टळणार नाही, पण सांभाळता येते. अशी टेस्ट त्याच दिवशी वेगळी काढा, तिच्यावर एका माणसाचं नाव आणि तारीख टाका, आणि त्या तारखेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर पुसून टाका. पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सोय शुअरफायरमध्ये आहे. पहिल्या दोन गटांत ती चालू करू नका. तिथली अस्थिरता बहुतेकदा सामायिक डेटा, घड्याळ किंवा टेस्टचा क्रम यांतून येते, आणि या तिन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. जेयुनिटमध्ये क्रम मुद्दाम विस्कळीत करता येतो. रात्रीच्या रनमध्ये तसं करून पाहा, एकमेकींवर टेकलेल्या टेस्ट लगेच उघड्या पडतील.

चौदाशे टेस्ट एका आठवड्यात हलवू नका. शुअरफायरच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक टेस्टला लागलेला वेळ असतो. तो उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पन्नासांपासून सुरुवात करा. आधी कॉन्टेक्स्ट एकसारखं करा, कारण त्यात एकही टेस्ट नव्याने लिहावी लागत नाही आणि वेळ सगळ्यात जास्त वाचतो. मग व्याज आणि जीएसटी बाहेर काढा. बाकीच्या टेस्ट त्या-त्या कोडला हात लागेल तेव्हा हलवा.

शेवटचा प्रश्न वेगळ्या रिपॉझिटरीचा. माझं उत्तर नाही असं आहे. बटणाचं नाव बदलणारा कमिट आणि त्या बटणावर क्लिक करणारी टेस्ट एकाच पुल रिक्वेस्टमध्ये असायला हवीत. वेगळ्या रिपॉझिटरीत डेव्हलपर बदल करतो, क्यूएला दुसऱ्या दिवशी लाल रन दिसतो, आणि अर्धा दिवस ‘हे तुमचं की आमचं’ यात जातो. शिवाय जुन्या आवृत्तीवर तातडीची दुरुस्ती करायची वेळ आली, तर तिच्याशी जुळणाऱ्या टेस्ट कोणत्या, हे कुणालाच सांगता येत नाही. सेलेनियमचं मॉड्यूल वेगळं ठेवा, रिपॉझिटरी तीच. क्यूएला तिथे मर्जचा अधिकार द्या, आणि डेव्हलपरच्या बदलाने ती टेस्ट पडली तर दुरुस्ती त्या डेव्हलपरनेच करायची असं ठरवून घ्या. वेगळी रिपॉझिटरी एकाच परिस्थितीत करा: उद्या तुमचं मोबाइल ॲप, वेब आणि अकाउंटिंगची सेवा वेगवेगळ्या टीम वेगवेगळ्या वेळी रिलीज करू लागल्या आणि एखादा प्रवास तिन्हींतून जात असेल, तर तेवढाच प्रवास.